बारीक, पण किती बारीक?

पक्षाघातानंतरच्या शुश्रूषेविषयी या सदरात लिहिले, त्यानंतर डोंबिवली पश्चिमेच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचे सासरे एक्याऐंशी वर्षांचे आहेत. अर्धांगवायूच्या झटक्यातून ते सावरले, परंतु गिळण्याचा त्रास राहिला. ‘मिक्सरमधून काढून द्या’ असे सांगून रुग्णालयाने त्यांना घरी पाठविले. भगिनी लिहितात, ‘मी रोज दोन्ही वेळा सगळे ताजे करून, अगदी बारीक करून देते. तरीही ते दोन घास घेतात आणि मान फिरवतात. दोन महिन्यांत कपडे सैल झाले. आमचा मिक्सर जुना आहे. नवा, जास्त शक्तीचा घ्यावा का?’

पत्र वाचताना मला राजाजी पथावरील आमचे स्वयंपाकघर आठवले. माझ्या सासूबाईंची अखेरची चार वर्षे मिक्सरच्या भांड्यावरच गेली, असे म्हटले तरी चालेल. पहिले पंधरा दिवस मीही हेच केले. भात, वरण, भोपळ्याची भाजी, अर्धी पोळी, सगळे एकाच भांड्यात घालून वर पाणी ओतायचे आणि आवाज गुळगुळीत होईपर्यंत फिरवायचे. वाटीत एक मातकट रंगाचा लगदा उतरायचा. सासूबाईंचे बोलणे तेव्हा अडखळत असे, तरी एके दुपारी त्यांनी वाटीकडे पाहून विचारले, ‘‘हे काय आहे गं?’’ मी म्हटले, ‘‘आई, जेवण आहे.’’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘जेवण कुठलं? सगळं एक झालंय.’’

त्या हट्ट करीत आहेत असे मला वाटले होते. तसे नव्हते. त्या वाटीत तीन चुका होत्या आणि त्यांपैकी एकही मिक्सरची नव्हती. म्हणून भगिनींना पहिले उत्तर असे, की नवा मिक्सर घेण्याची घाई करू नये.

सर्वांत मोठी चूक पाण्याची. गिळायला त्रास होतो म्हणजे अन्न जितके पातळ तितके सोपे, असे घरोघरी समजले जाते. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. पातळ पदार्थ जिभेवरून वेगाने मागे वाहतो. घशातील स्नायू मंदावलेले असतील तर श्वासनलिकेचे दार मिटण्याआधीच तो तेथे पोहोचतो. ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येते, घासानंतर आवाज ओला, घरघरता होतो. काही रुग्णांना तर ठसकाही लागत नाही, अन्नाचे कण गुपचूप फुप्फुसात उतरतात आणि वारंवार येणाऱ्या तापातून किंवा छातीच्या संसर्गातूनच ते कळते. तेव्हा मिक्सरमधून जे काढायचे ते पातळ नव्हे, तर एकजीव, ओलसर आणि आपला आकार धरून राहणारे असावे लागते. नेमके किती दाट, हे मात्र आपण ठरवायचे नसते. गिळण्याची तपासणी करणारे वाचा-उपचार तज्ज्ञ ते ठरवितात. घरी सोडताना कागदावर केवळ ‘मऊ आहार’ असे लिहिलेले असेल, तर त्यावर समाधान मानू नये. कितव्या पातळीचा आहार, असे स्पष्ट विचारून घ्यावे.

‘पातळी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. गिळण्याचा त्रास असणाऱ्यांच्या अन्नपेयांसाठी ‘आयडीडीएसआय’ नावाची एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. तिच्यात ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत. साधे पाणी ० वर आणि नेहमीचे जेवण ७ वर. आपण ज्याला ‘मिक्सरमधून काढलेले’ म्हणतो ते बहुधा ३ किंवा ४ या पातळीचे असते. तिसरी पातळी पिता येण्याजोगी दाट, चौथी चमच्यानेच खाण्याजोगी. सोय अशी, की या मोजपट्टीच्या कसोट्यांना प्रयोगशाळा लागत नाही, काटा-चमचा पुरतो. चौथ्या पातळीचा पदार्थ काट्यावर घेतला तर तो वर ढिगासारखा बसतो. दातांच्या फटींतून खाली एखादी छोटी शेपटी लोंबेल, पण धार किंवा सततचे थेंब नाहीत. चमच्यात घेऊन चमचा तिरपा केला, फार तर हलकासा झटका दिला, की गोळा अखंड निसटून पडावा आणि चमच्याला जेमतेम पातळसा थर राहावा. चमच्याला चिकटून बसला तर तो टाळूलाही चिकटणार. तिसऱ्या पातळीचा पदार्थ काट्याच्या फटींतून संथपणे गळतो.

आमच्याकडे येणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या लगद्याचा चमचा उलटा केला. लगदा जागचा हलला नाही, आणि त्याच्या कडेने पाणी मात्र गळून गेले. एकाच घासात चिकट गोळा आणि सुटे पाणी, असे दोन्ही धोके मी एकत्र वाढीत होते.

असे का झाले, हे कळण्यासाठी आपल्या मिक्सरचा स्वभाव थोडा ओळखावा लागतो. हे यंत्र आपल्याकडे जन्मले ते वाटणासाठी. १९६३ साली मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांच्या घरचा परदेशी बनावटीचा मिक्सर निकामी झाला. तिकडची यंत्रे फळांचे रस आणि मऊ पदार्थ यांसाठी घडविलेली होती, भिजवलेली डाळ, सुके खोबरे, हळकुंड हे त्यांचे काम नव्हे. त्यातून माथुर दांपत्याने अधिक दणकट मोटरचे यंत्र घडविले आणि ‘सुमीत’ हे नाव पुढे घराघरांत पोहोचले. आज आपल्या ओट्यावर असणारा पाचशे ते साडेसातशे वॉटचा मिक्सर त्याच वंशातला. सुकी मिरची दळणाऱ्या या यंत्रापुढे शिजलेला भात म्हणजे काहीच नाही. शक्ती कमी पडत नाही, ती जास्त होते.

भाताचे आणि बटाट्याचे तेच होते. पाती वेगाने फिरतात, पिष्टमय दाणे फुटतात, आतले पीठ बाहेर येते आणि खळीसारखा तार धरणारा गोळा तयार होतो. जितके अधिक फिरवाल तितका तो अधिक चिकट. म्हणून भात मिक्सरमध्ये घालायचाच असेल तर तो आधीच पाचसहा पट पाण्यात अगदी गुरगुट शिजवावा, भांड्यात प्रथम थोडे गरमसर वरण किंवा ताक घालावे, मग भात, आणि बटण उलट्या बाजूला दाबून तीनचार वेळा थोडे थोडे फिरवावे. बस. बटाटा तर मिक्सरमध्ये घालूच नये. तो उकडून, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावा आणि दुधात किंवा पातळ तुपात सैल करावा.

पुरणयंत्र! होळीनंतर माळ्यावर जाणाऱ्या या भांड्याची मला त्या चार वर्षांत नव्याने ओळख झाली. मिक्सर कण लहान करतो, पण एखादी साल, एखादा तंतू पात्यांना चुकवून शिल्लक राहतोच. पुरणयंत्राची जाळी तो अडविते. मिक्सर आधी, जाळी नंतर, हा क्रम ठेवला तर वाटीत गुठळी सापडत नाही. पुरणयंत्र नसेल तर साधी पिठाची चाळणी आणि वाटीची पाठ पुरेशी होते.

मिक्सरचे भांडे भरण्याचीही एक पद्धत आहे. घट्ट पदार्थ कोरडाच घातला तर पात्यांभोवती हवेची पोकळी होते, पाती मोकळीच फिरतात, मोटर तापते आणि वर फोडी जशाच्या तशा राहतात. उलट, सुरुवातीलाच भरपूर पाणी घातले तर फोडी त्या भोवऱ्यात नुसत्या तरंगत राहतात, पात्यांवर येतच नाहीत. म्हणून पात्यांवर दोनतीन चमचे द्रव आधी घालावा, वर पदार्थ निम्म्या भांड्यापर्यंत, त्याहून अधिक नाही. कमी वेगावर सुरुवात करावी. अर्धा मिनिट फिरवून थांबावे, कडांना लागलेले चमच्याने खाली ओढावे, पुन्हा फिरवावे. गुळगुळीत झाल्यावरच हवा तेवढा द्रव घालून सैल करावे. एका माणसाची भाजी मोठ्या भांड्यात तळाशी पसरते आणि पाती तिला शिवत नाहीत. तिला चटणीचे लहान भांडेच योग्य. मात्र ते भांडे वेगळे ठेवावे. लसणीच्या तिखट चटणीचा वास जरी पात्याखाली राहिला, तरी अशक्त घशाला ठसका लागायला तेवढे पुरे होते. आम्ही त्या भांड्याच्या कडीला लाल दोरा बांधला होता. घरातल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ ठाऊक होता.

दुसरी चूक, वरून घातलेल्या पाण्याने होणारी उपासमार. वाटीभर भाजीत वाटीभर पाणी घातले की प्रमाण दुप्पट दिसते, पोषण तेवढेच राहते. अशक्त माणूस अर्धी वाटीच खाणार असेल, तर त्याच्या पोटात पाव वाटी भाजी जाते. भगिनींच्या सासऱ्यांचे कपडे सैल होण्यामागे हे एक कारण असू शकते. सैल करायला पाणी नको. वरणाचे दाट पाणी, दूध, सायीचे दही, सार, नारळाचे दूध घ्यावे आणि वरून चमचाभर तूप सोडावे. मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा विकार असल्यास यांतले काय चालेल ते डॉक्टरांना विचारावे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, वजन करून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावे. कपडे सैल होण्याची वाट पाहू नये.

काही पदार्थ मिक्सरला फार शहाण्यासारखे साथ देतात. तांबडा भोपळा, दुधी, गाजर, बीट, मुगाची डाळ, पिकलेला पपई. पालक चालतो, देठ काढून. मेथी आणि शेपू यांचे तंतू राहतात. मटार, पावटा, वाल यांची साले वेगळी होऊन घशाला चिकटतात, त्यामुळे ती आधीच काढावी किंवा नंतर जाळीने गाळावी. टोमॅटोचे बी आणि साल तसेच. शेवग्याचा गर चमच्याने खरवडून घ्यावा, शेंग भांड्यात टाकू नये. ओले खोबरे कितीही वाटले तरी त्याचा चोथा उरतोच, त्याऐवजी नारळाचे दूध वापरावे. पोळीचा मोह मात्र सोडावा. दुधात भिजवून फिरविली तरी ती गव्हाच्या चिकाने चिवट होते आणि चमच्याच्या कसोटीला क्वचितच उतरते. मासे खाणाऱ्यांनी काटे हाताने, उजेडात बसून काढावेत. ‘मिक्सरमध्ये बारीक होतील’ असे म्हणू नये. होतात खरे, पण नाहीसे होत नाहीत, नुसते दिसेनासे होतात.

फोडणीविषयी स्वतंत्र सांगायला हवे. मोहरी, जिरे, कढीपत्ता हे तिन्ही गिळण्याच्या त्रासात शत्रू. पण फोडणीशिवाय वरण ते वरण नव्हे, हेही खरे. यावर उपाय साधा आहे. तुपात मोहरी-जिरे तडतडवून, हिंग-हळद घालून, ती फोडणी चहाच्या स्टीलच्या गाळणीतून वाटीतल्या वरणावर सोडावी. गंध उतरतो, दाणे वर राहतात. सासूबाईंना पहिल्यांदा असे वरण दिले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण वाटी रिकामी झाली.

तिसरी चूक सगळे एकत्र करण्याची. घास एकजीव हवा, ताट नव्हे. वरण, भोपळा, पालक तीन वेळा फिरविणे म्हणजे तीन वेळा भांडे धुणे, हे मला मान्य आहे. कंटाळा येतो. पण पिवळे, केशरी, हिरवे असे तीन लहान गोळे ताटलीत वेगवेगळे वाढले आणि ‘‘आई, आज दुधी आहे, आणि हे लिंबाच्या रसातलं वरण’’ असे सांगून चमचा पुढे केला, की खाणारा काय खातो आहे हे त्याला कळते. वेळ वाचवायचा असेल तर एकाच भांड्यात फिकट पदार्थ आधी आणि गडद पदार्थ शेवटी काढावेत, मध्ये नुसते खंगाळले तरी चालते. माझ्या हिशेबाने त्याला दहा मिनिटे अधिक लागत. आम्ही ती दहा मिनिटे सकाळच्या पेपरातून कापली.

ताटात वाढल्यावरही पदार्थ बदलतो, हे विसरू नये. भात, रवा, नाचणीचे सत्त्व थंड होताना घट्ट होतात. करताना कसोटीला उतरलेला घास दहाव्या मिनिटाला नापास होतो, म्हणून भरवण्यापूर्वी पुन्हा चमचा तिरपा करून पाहावा. याउलटही घडते. पिष्टाने दाट केलेल्या पदार्थात तोंडातला चमचा वारंवार बुडविला, तर लाळेतील पाचकरस ते पीठ फोडतात आणि वाटीतला पदार्थ हळूहळू पातळ होतो. म्हणून भरवण्यापुरते छोट्या वाटीत काढून घ्यावे आणि मोठे भांडे स्वच्छ ठेवावे. भरवताना माणूस सरळ ताठ बसलेला असावा, आणि जेवल्यावर निदान अर्धा तास आडवा होऊ नये.

आता थोडे यंत्राच्या सुरक्षिततेविषयी. कढत पदार्थ मिक्सरमध्ये कधीही झाकण घट्ट दाबून फिरवू नये. आत वाफ कोंडते आणि झाकण उडते. माझ्या मनगटावरचा डाग गाजराच्या सारामुळे पडलेला आहे, आणि दोष सर्वस्वी माझ्या घाईचा होता. पदार्थ कोमट होऊ द्यावा, भांडे एक तृतीयांशच भरावे, झाकणावर दुमडलेले फडके धरावे. मिक्सर मध्येच बंद पडला तर तो बिघडला असे समजू नये. बहुतेक यंत्रांच्या तळाशी लहानसे लाल बटण असते, भार वाढला की ते बाहेर येऊन मोटर वाचविते. वायर काढावी, दहापंधरा मिनिटे थांबावे, भांड्यातले थोडे कमी करावे आणि बटण आत दाबावे. जळका वास येत राहिला तर मात्र दुरुस्तीला न्यावा. भांडे डगमगत असेल, पाती फिरत नसतील, तर खालचा रबरी कपलर झिजलेला असतो. तो स्वस्तात बदलून मिळतो. खडे मीठ फिरविल्याने पात्यांना धार येते असे सांगतात, त्याने भांडे स्वच्छ होते एवढेच. ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत त्यांनी भरलेले भांडे एका हाताने उचलू नये, पदार्थ भांडे जागेवरच ठेवून डावाने काढावा.

झाकणाच्या आतले रबर रोज काढून धुवावे, त्याखालीच अन्न कुजते. वाटलेले अन्न अखंड अन्नापेक्षा लवकर नासते. आपल्या दमट हवेत दोन तासांहून अधिक ते ओट्यावर राहू नये. संध्याकाळचे करून ठेवायचे असेल तर लहान स्टीलच्या डब्यांत घालून लगेच शीतकपाटात ठेवावे आणि देताना वाफ येईपर्यंत एकदाच गरम करून, निववून द्यावे. वीज बंद राहणार असल्याचा संदेश आला असेल त्या दिवशी सकाळीच वाटून घ्यावे, किंवा त्या दिवशी पुरणयंत्राला हाताने फिरवावे.

आवाजाचेही भान असावे. स्मृतिभ्रंश असणाऱ्यांना तो अचानक झाला तर धसका बसतो. सासूबाईंना आम्ही ‘‘मिक्सर लावतेय हं’’ असे सांगूनच बटण दाबीत असू. खाली जाड टॉवेल घातला की ओटा थरथरत नाही, मात्र तळाच्या हवेच्या फटी झाकल्या जाणार नाहीत, हे पाहावे.

एक गोष्ट कृपया करू नका. गोळ्या चटणीच्या भांड्यात फिरवून अन्नात मिसळू नका. काही गोळ्यांवरचे आवरण त्या पोटात विरघळू नयेत म्हणून असते, काही दिवसभर हळूहळू उतरण्यासाठी घडविलेल्या असतात. त्यांची भुकटी केली तर एका वेळी सगळे औषध उतरते. कोणती गोळी कुटता येते आणि कोणतीचे पातळ औषध मिळते, हे डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्यांना प्रत्येक गोळीपुरते विचारावे.

आणि ज्यांना गिळण्याचा त्रास नाही, केवळ कवळी सैल आहे, त्यांचे अन्न मिक्सरमध्ये घालू नये. त्यांना कवळी बसवून देणारे दंतवैद्य हवेत. चावणे थांबविले की तोंडाचे बळ आणि जेवणाची गोडी दोन्ही उतरणीला लागतात. हाताने कुस्करलेला वरणभात त्यांना पुरेसा असतो. फळांच्या रसाचेही असेच. फळ अख्खे फिरवून प्यावे, गाळून चोथा टाकू नये, आणि मधुमेह असल्यास तेही बेतानेच.

गेली ती दिवाळी आठवते. पहाटे फडके रोडवर जाण्याचा सासूबाईंचा चाळीस वर्षांचा नेम होता, त्या वर्षी त्या खिडकीतून खालून जाणारी मुले पाहत होत्या. फराळाच्या ताटातले त्यांना काहीच देता येण्यासारखे नव्हते. मी हरभऱ्याच्या डाळीचे पुरण मऊ शिजवून मिक्सरमधून, मग पुरणयंत्रातून काढले, आटवलेल्या दुधात सैल केले, चमचा तिरपा करून पाहिला आणि दिले. त्यांनी चार चमचे सावकाश घेतले. मग म्हणाल्या, ‘‘जायफळ विसरलीस.’’

वाचक भगिनींनी सासऱ्यांची गिळण्याची तपासणी करून घेऊन कोणती पातळी सांगितली ते कळवावे. पाणी, चहा आणि औषधाचा घोट यांचे काय करायचे, याविषयी पुढील अंकात लिहीन.